आरएसएसएचच्या जागी कोणता शेल? बाहेरच्या डिझायनरांना सर्व्हरवर फक्त फाइली ठेवू देण्याविषयी

आपला प्रश्न मला असा समजला: अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे. जॅकार्डच्या डिझाइनच्या फाइली सोलापुरातले आणि बाहेरगावचे डिझायनर एससीपीने, म्हणजे एसएसएचच्या सुरक्षित जोडणीतून फाइली नकलण्याच्या कमांडने, कारखान्याच्या सर्व्हरवर पाठवतात. त्यांना फाइली ठेवण्या-नेण्यापलीकडे काही करता येऊ नये, म्हणून जुन्या सर्व्हरवर त्यांच्या खात्यांना आरएसएसएच हा मर्यादित शेल (शेल म्हणजे वापरकर्त्याच्या कमांडा घेऊन त्या चालवणारा प्रोग्राम) दिलेला होता. आता डेबियन १२ या लिनक्स वितरणावर नवा सर्व्हर उभारताना ते पॅकेज सापडत नाही. तेव्हा आरएसएसएच सोर्सवरून बांधून घ्यावा, एससीपी-ओन्ली हा तसाच दुसरा शेल घ्यावा की सरळ आर-बॅशवर, म्हणजे नेहमीच्या बॅश शेलच्या बंधने घातलेल्या रूपावर, भागवावे, असे आपण विचारले आहे.

या तिन्हींपैकी एकही घेऊ नये, असे माझे मत आहे. फाइली ठेवणाऱ्या माणसाला मुळात शेलची गरज आहे का, हे आधी ठरवावे, आणि आपल्या वर्णनावरून तरी ती दिसत नाही. मात्र काही गोष्टी आपल्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. डिझायनर हाताने विनएससीपी किंवा फाइलझिला ही फाइली पाठवण्याची साधने वापरतात की त्यांच्याकडे ठरावीक वेळी चालणारी स्क्रिप्ट आहे, कोणाला आरसिंक (दोन यंत्रांवरच्या फाइली जुळवून घेणारा प्रोग्राम) लागते का, एका डिझायनरला दुसऱ्याची फाइल दिसलेली चालते का, आणि याच यंत्रावर हिशेबाचा किंवा ऑर्डरींचा डेटाबेसही आहे का, या चार गोष्टींची उत्तरे बदलली की व्यवस्थेचा तपशील बदलतो. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे आणि प्रश्नात नेमका तिचाच उल्लेख नाही. लहान कारखान्यांत बहुधा एकाच यंत्रावर सगळे असते, म्हणून मी तसेच गृहीत धरून लिहितो.

मर्यादित शेल काम कसे करतो, ते पाहिल्यावर त्याची दुर्बलता आपोआप ध्यानात येते. डिझायनर जुन्या पद्धतीच्या एससीपीने फाइल पाठवतो, तेव्हा एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवर एसएसएचच्या जोडण्या घेणारा प्रोग्राम, त्या खात्याचा शेल सुरू करतो आणि त्याला ‘सी’ या पर्यायासह एक मजकूर देतो; त्या मजकुरात एससीपीची कमांड आणि फाइलचा मार्ग असतो. साधा बॅश तो मजकूर जसाच्या तसा चालवतो. आरएसएसएचसारखा शेल मजकुराची सुरुवात पाहतो, कमांडचे नाव आपल्या यादीत आहे का ते तपासतो, आणि असेल तर ती चालवतो. कारखान्याच्या फाटकावरचा रखवालदार गेटपासवरचे नाव वाचून ट्रक आत सोडतो, पण ताडपत्रीखाली काय आहे हे त्याला ठाऊक नसते. इथेही तसेच होते. एससीपी आणि आरसिंक हे प्रोग्राम इतर प्रोग्राम सुरू करू शकतील अशाच रीतीने लिहिलेले आहेत. एससीपीला ‘मोठा एस’ हा पर्याय देऊन जोडणीसाठी कोणता प्रोग्राम वापरायचा ते सांगता येते, ‘ओ’ या पर्यायातून प्रॉक्सीकमांड, म्हणजे जोडणी करून देणारी कमांड, देता येते, आणि आरसिंकला ‘ई’ या पर्यायाने हवा तो रिमोट शेल देता येतो. म्हणजे परवानगी एससीपीला दिली असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात एससीपी ज्याला ज्याला हाक मारू शकते त्या सगळ्यांना ती मिळालेली असते.

आता मर्यादित शेल या पर्यायांवरही नजर ठेवू शकतो, आणि आरएसएसएचने तेच केले. पण त्यासाठी दुसऱ्याने लिहिलेल्या आणि सतत बदलणाऱ्या प्रोग्रामचा प्रत्येक धोकादायक पर्याय आधीच माहीत असावा लागतो. २०१२ मध्ये आरसिंकचा लघुरूपातला पर्याय अडवला गेला होता, पण त्याच अर्थाचा लांब पर्याय अडवायचा राहिला होता, आणि ती त्रुटी सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१२-२२५२ या क्रमांकाने नोंदली गेली. २०१९ मध्ये एससीपीच्या परवानगीतून कमांड चालवता येते असे सीव्हीई-२०१९-१०००१८ मध्ये समोर आले. पाठोपाठ आरसिंकच्या आणखी दोन त्रुटी आल्या. त्यांतली सीव्हीई-२०१९-३४६४ ही मी नव्या मुलांना नेहमी समजावून सांगतो, कारण तिच्यात कमांडमध्ये आक्षेपार्ह असे एक अक्षरही लागत नाही. आरसिंक आपले पर्याय वाचण्यासाठी पॉप्ट नावाची लायब्ररी वापरते, आणि ती लायब्ररी वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधली स्वतःची सेटिंग फाइल आपणहून वाचते. त्या फाइलमध्ये पर्यायांचे अर्थ बदलता येतात आणि कमांडही चालवता येतात. ज्याला फाइली ठेवण्याचीच परवानगी आहे तो ती फाइलही ठेवू शकतो! शेलने पूर्णपणे निर्दोष दिसणारी कमांड तपासून सोडली, तरी तिचा अर्थ होम फोल्डरमध्ये आधीच बदलून ठेवलेला असतो. मूळ लेखकाकडून देखभाल थांबल्यामुळे आणि अशा त्रुटी निघतच राहिल्यामुळे डेबियन १० पासून आरएसएसएच त्या वितरणात नाही. म्हणून सोर्सवरून तो बांधून घेणे म्हणजे वितरणाने जाणीवपूर्वक काढून टाकलेली वस्तू पुन्हा आत आणणे होय, आणि पुढची त्रुटी निघाली की ती दुरुस्त करायला आपल्याखेरीज कोणी नसेल.

एससीपी-ओन्लीची गोष्ट वेगळी नाही. २००७ मध्येच त्याच्यात याच धाटणीच्या, म्हणजे एससीपीच्या ‘ओ’ पर्यायातून आणि आरसिंकसारख्या जोडप्रोग्राममधून बाहेर पडण्याच्या त्रुटी नोंदल्या गेल्या आहेत. आर-बॅशबद्दल मात्र थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण तो प्रत्येक यंत्रावर आयता असतो आणि म्हणूनच त्याचा मोह पडतो. आर-बॅश फोल्डर बदलू देत नाही, पाथ बदलू देत नाही, कमांडच्या नावात तिरकी रेघ चालू देत नाही आणि आउटपुट फाइलकडे वळवू देत नाही. पण बॅशच्या दस्तऐवजातच लिहिले आहे की ही बंधने सुरुवातीच्या सेटिंग फाइली वाचून झाल्यावर लागू होतात. एसएसएचडीने सुरू केलेला बॅश होम फोल्डरमधली बॅश-आरसी ही फाइल वाचतो. ज्याला होम फोल्डरमध्ये लिहिता येते त्याने आपली बॅश-आरसी तिथे ठेवली, तर तिच्यातल्या ओळी बंधने लागण्यापूर्वीच चालून जातात. याशिवाय व्हीआय, ऑक, फाइंड यांसारखा एखादा प्रोग्राम त्याच्या पाथमध्ये राहिला, तर त्यांतून पूर्ण शेल उघडणे कोणत्याही जाणत्या माणसाला अवघड नाही. आर-बॅश वापरकर्त्याला चुकून भलते काही करण्यापासून रोखतो. मुद्दाम करणाऱ्याला नाही.

इथपर्यंत शेलच्या आतले झाले. आपल्या प्रश्नात ज्याचा विचार आलेला नाही आणि कारखान्याला ज्याचा खरा धोका आहे, ती वाट शेलपर्यंत पोहोचतच नाही. एसएसएचच्या एका जोडणीतून शेल किंवा कमांड न मागता नुसते पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे त्या जोडणीतून सर्व्हरवरच्या किंवा त्यापलीकडच्या दुसऱ्या पोर्टपर्यंत वाट, मागता येते. खात्याचा शेल आरएसएसएच असो वा लॉगिन नाकारणारा नोलॉगिन किंवा फॉल्स असो, जोडणाऱ्याने फक्त फॉरवर्डिंग मागितले तर शेल सुरूच होत नाही आणि त्याचे कोणतेही बंधन कामाला येत नाही. समजा, आपल्या सर्व्हरवर हिशेबाचा डेटाबेस फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच यंत्रातून आलेल्या जोडण्यांसाठी, ऐकतो आणि फायरवॉलमधून बाहेर केवळ पोर्ट २२ उघडा आहे. ही रचना आपल्याला सुरक्षित वाटत असेल, पण डिझायनरच्या खात्याला फॉरवर्डिंगची मुभा असेल तर तो घरी बसून त्या डेटाबेसच्या पोर्टला जोडून घेऊ शकतो, आणि डेटाबेसला ती जोडणी लोकलहोस्टवरूनच आल्यासारखी दिसते. कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवरच्या लूमच्या कंट्रोलरपर्यंतही याच मार्गाने पोहोचता येते. ओपनएसएसएचमध्ये, म्हणजे लिनक्सवर सहसा असणाऱ्या एसएसएचच्या प्रोग्राममध्ये, टीसीपी फॉरवर्डिंग मूळ सेटिंगमध्ये चालू असते. मर्यादित शेल देऊन निश्चिंत झालेल्या बऱ्याच ठिकाणी मला ते तसेच चालू आढळलेले आहे.

आता काय करावे ते सांगतो. ओपनएसएसएचच्या ४.९ या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, एसएसएचडीच्या आतच एसएफटीपीचा, म्हणजे एसएसएचवरून फाइली पाठवण्याच्या प्रोटोकॉलचा, सर्व्हर आहे. त्याला इंटर्नल-एसएफटीपी म्हणतात. त्याच आवृत्तीत वापरकर्त्याला एका फोल्डरपुरते कोंडण्याची चरूट-डिरेक्टरी ही सोयही आली. या दोहोंचा मेळ घातला की एसएसएचडी कोणताही शेल किंवा बाहेरचा प्रोग्राम सुरू न करता, स्वतःच्या प्रक्रियेतच, त्या वापरकर्त्याच्या हक्कांनिशी एसएफटीपीच्या विनंत्या पूर्ण करतो. तपासायला कमांडचा मजकूर उरत नाही, वाचायला बॅश-आरसी उरत नाही, चालवायला दुसरा प्रोग्राम उरत नाही. डिझायनरांचा एक गट करावा, एसएसएचडीच्या सेटिंग फाइलच्या अगदी शेवटी त्या गटासाठी मॅच ब्लॉक लिहावा, आणि त्यात फोर्स-कमांडला इंटर्नल-एसएफटीपी व चरूट-डिरेक्टरीला प्रत्येकाचे वेगळे फोल्डर द्यावे. मॅच ब्लॉक शेवटी ठेवण्याचे कारण असे की त्याच्याखालची प्रत्येक ओळ पुढचा मॅच येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत त्याच गटाला लागू होते. मधे घातलेल्या ब्लॉकमुळे बाकीच्यांची सेटिंग नकळत त्याच्यात अडकते. सबसिस्टिमच्या ओळीतही बाहेरच्या एसएफटीपी-सर्व्हरऐवजी इंटर्नल-एसएफटीपी लिहावे. खात्याचा शेल नोलॉगिन करून टाकावा; इंटर्नल-एसएफटीपीला शेल लागत नसल्याने काम अडत नाही, आणि उद्या कोणी मॅच ब्लॉक चुकून पुसला तरी आत शेल मिळत नाही.

त्याच ब्लॉकमध्ये टीसीपी फॉरवर्डिंग, स्ट्रीम-लोकल फॉरवर्डिंग, एजंट फॉरवर्डिंग, एक्स-११ फॉरवर्डिंग आणि टनेल ही पाचही नावे घेऊन बंद करावीत. सगळे एका ओळीत बंद करणारा डिसेबल-फॉरवर्डिंग हा पर्याय उपलब्ध आहे, पण ओपनएसएसएच १०.० पूर्वीच्या आवृत्त्यांत तो एक्स-११ आणि एजंट यांचे फॉरवर्डिंग दस्तऐवजात म्हटल्याप्रमाणे बंद करत नव्हता. ती त्रुटी २०२५ मध्ये नोंदली गेली. आपल्या वितरणाने दुरुस्ती घेतली असो वा नसो, पाच ओळी लिहिण्याने काही बिघडत नाही.

चरूट न लावता नुसते इंटर्नल-एसएफटीपी ठेवले तर चालेल का, असेही पुष्कळ जण विचारतात. मी ते करत नाही. एक तर फाइलसिस्टिममधले जे जे सर्वांना वाचता येते ते सगळे डिझायनरला दिसते. दुसरे म्हणजे लिनक्सवर वापरकर्त्याला प्रॉक या चालू प्रक्रियांची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधून आपल्याच एसएफटीपी प्रक्रियेच्या मेमरीत लिहून कोड चालवता येत असे, ओपनएसएसएच ६.७ मध्ये, २०१४ साली, ती वाट बुजवली गेली. चरूट असलेल्यांच्या पुढ्यात तो प्रॉक फोल्डरच नव्हता.

चरूटच्या बाबतीत जवळपास प्रत्येक जण एकाच जागी अडखळतो. चरूटचे फोल्डर आणि त्याच्या वरचे सगळे फोल्डर रूटच्या (यंत्रावरच्या सर्वाधिकारी खात्याच्या) मालकीचे असले पाहिजेत आणि त्यांत इतर कोणालाही लिहिता येता कामा नये. तसे नसेल तर एसएसएचडी लॉगिन होताच जोडणी तोडतो आणि लॉगमध्ये मालकी किंवा परवानगी चुकीची असल्याची ओळ येते. ही अट जाचक वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. कोंडलेल्या माणसाला कोंडवाड्याच्या मुळाशी लिहिता आले, तर तो तिथे आपली इटीसी आणि लायब्ररीची फोल्डरे तयार करू शकतो, आणि त्यांवर विश्वास ठेवणारा एखादा रूटच्या हक्काचा प्रोग्राम फसू शकतो. तेव्हा परवानग्या ७७७, म्हणजे सर्वांना सगळे मोकळे, करून ही अडचण सुटत नाही. उलट त्यानेच एसएसएचडी अडून बसतो. मुळाचे फोल्डर रूटचे, ७५५ परवानगीचे (लिहिण्याचा हक्क फक्त मालकाला) ठेवावे, आणि त्याच्या आत डिझायनरच्या मालकीचे एक फोल्डर करावे. डिझायनर थेट त्याच फोल्डरमध्ये उतरावा असे वाटत असेल, तर इंटर्नल-एसएफटीपीला ‘डी’ पर्यायाने ते सांगता येते.

लॉगिनच्या किल्ल्या (कीज) डिझायनरच्या होम फोल्डरमध्ये ठेवू नयेत. ऑथराइज्ड-कीज फाइलचा मार्ग रूटच्या मालकीच्या एखाद्या फोल्डरकडे वळवावा, म्हणजे कोणी आपल्या खात्यात परस्पर दुसऱ्याची की घालून ठेवणार नाही, आणि काम सोडून गेलेल्याची की काढली की ती खरोखर निघेल. परमिट-युजर-एन्व्हायर्नमेंट मूळ सेटिंगमध्ये बंद असते. ते बंदच राहू द्यावे, कारण तेथून एलडी-प्रीलोडसारखे व्हेरिएबल देऊन बंधने टाळता येतात, असे त्याच्या दस्तऐवजातच म्हटले आहे. डिझायनरांचे फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर, तिथले प्रोग्राम चालू न देणारा नोएक्झेक आणि प्रोग्रामला दुसऱ्याचे हक्क मिळू न देणारा नोसुइड हे पर्याय लावून ठेवले तर बरे, पण व्यवहारात त्याहून अधिक उपयोग डिस्क कोट्याचा होतो. सणासुदीच्या आधी सगळ्यांच्या फाइली एकदम येतात, एकाने मोठी स्कॅन केलेली चित्रे टाकली की डिस्क भरते, आणि सर्वांचेच काम थांबते.

यानंतरचा धोका चरूटच्या बाहेर असतो आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आलेल्या फाइली उचलून लूमच्या यंत्रणेकडे नेणारी एखादी स्क्रिप्ट आपल्याकडे असणारच, आणि बहुधा ती रूटच्या क्रॉनमधून (ठरावीक वेळी कामे चालवणाऱ्या यंत्रणेतून) चालत असेल. कोंडलेला डिझायनर आपल्या फोल्डरमध्ये सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद, करू शकतो. त्याला स्वतःला ती लिंक चरूटच्या आतल्या आत घेऊन जाते, म्हणून त्याच्या हाती काही लागत नाही. पण बाहेरून चालणाऱ्या रूटच्या स्क्रिप्टला तीच लिंक खऱ्या फाइलसिस्टिममधल्या पासवर्डच्या शॅडो फाइलकडे नेते. स्क्रिप्टने तिची प्रत डिझाइनच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकली, की चरूट असून नसल्यासारखा. त्याचप्रमाणे फाइलच्या नावात स्पेस, उलटे अवतरणचिन्ह किंवा डॉलरचे चिन्ह असेल आणि स्क्रिप्टने ते नाव जसेच्या तसे कमांडच्या मजकुरात जोडून तो मजकूर शेलला चालवायला दिला असेल, तर नावाचीच कमांड होऊ शकते. म्हणून ती स्क्रिप्ट कमी हक्कांच्या वेगळ्या खात्यातून चालवावी, तिने फक्त साध्या फाइलीच उचलाव्यात, आणि इंटर्नल-एसएफटीपीला ‘मोठा पी’ या पर्यायाने सिमलिंक व हार्डलिंक या विनंत्या नाकारायला सांगावे. परवानगी आणि वेळ बदलण्याची सेटस्टॅट ही विनंती मात्र नाकारू नये. ती नाकारली की विनएससीपी फाइल नीट पोहोचल्यावरही चुकीचा संदेश दाखवते आणि मग दिवसभर फोन येत राहतात.

एससीपीची कमांड वापरणाऱ्यांचे काय होईल? ओपनएसएसएच ९.० पासून, म्हणजे २०२२ पासून, एससीपीची कमांड मुळातच आतून एसएफटीपी वापरते, त्यामुळे नव्या यंत्रांवर ती या व्यवस्थेत चालते. जुन्या यंत्रांवरची एससीपी चालणार नाही. त्यांना एसएफटीपी किंवा विनएससीपी वापरायला सांगावे. ओपनएसएसएचच्या लेखकांनीच ८.० च्या वेळी जुना एससीपी प्रोटोकॉल कालबाह्य असल्याचे सांगितले होते, तेव्हा त्याच्यासाठी मर्यादित शेल सांभाळत बसण्यात अर्थ नाही. आरसिंकची गोष्ट जरा निराळी आहे. एखाद्या शाखेतून रात्री बॅकअप घ्यायचा असेल तर एसएफटीपीने ते काम नीट होत नाही. अशा वेळी मी वेगळे खाते करतो, त्याच्या की-समोर फॉरवर्डिंगसारख्या सोयी बंद करणारा रेस्ट्रिक्ट हा पर्याय आणि ठरलेली कमांड म्हणून आरसिंकबरोबरच येणारी आर-आरसिंक ही स्क्रिप्ट एका फोल्डरपुरती, जमेल तर केवळ वाचण्यापुरती देतो. तीही पर्याय तपासणारीच व्यवस्था आहे, म्हणजे वर सांगितलेला दोष तिलाही तत्त्वतः लागू आहे. फरक इतकाच की ती की माझ्याच ताब्यातल्या यंत्राकडे असते आणि त्या खात्याचे होम फोल्डर त्याला लिहिता येत नाही. बाहेरच्या डिझायनरला ती मी देणार नाही.

बदल लावण्यापूर्वी एसएसएचडीला ‘टी’ पर्यायाने सेटिंग फाइल तपासायला लावावी, आणि ‘मोठा टी’ व ‘मोठा सी’ या पर्यायांनी एका डिझायनरच्या नावाने नेमकी कोणती सेटिंग लागू होते ते छापून पाहावे. आपली उघडी जोडणी मात्र तपासणी पूर्ण होईपर्यंत बंद करू नये. मग बाहेरच्या यंत्रावरून त्या डिझायनरच्या खात्याने चार गोष्टी कराव्यात. साधे लॉगिन केले तर फक्त एसएफटीपी जोडणी चालते असा संदेश येऊन जोडणी तुटली पाहिजे. एखादी कमांड देऊन जोडले तरी ती न चालता तोच संदेश येऊन जोडणी तुटली पाहिजे. फॉरवर्डिंगची चाचणी घेताना जोडणी झाली एवढे पाहून निष्कर्ष काढू नये, कारण बंदी असली तरी लॉगिन होतेच. फॉरवर्ड केलेल्या पोर्टला प्रत्यक्ष जोडून पाहिल्यावर मनाई केल्याचा संदेश येतो का, ते पाहावे. शेवटी सिमलिंक करून पाहावी.

यातले बहुतेक सगळे नवा सर्व्हर येईपर्यंत थांबवण्याची गरज नाही. जुन्या सर्व्हरवरच्या ओपनएसएसएचमध्ये इंटर्नल-एसएफटीपी आणि चरूट जवळजवळ निश्चितच असतील, आणि फोर्स-कमांड लावल्यावर आरएसएसएच वाटेत येतच नाही. फोल्डरची मालकी बदलायला एखादी संध्याकाळ लागेल. तोपर्यंत आरएसएसएचच्या सेटिंग फाइलमध्ये एसएफटीपी सोडून बाकी परवानग्यांच्या ओळी कॉमेंट करून टाकाव्यात आणि टीसीपी फॉरवर्डिंग आजच बंद करावे.